नगरला उतरा, वेशीतून आत चला

पुण्याहून शिर्डीला निघालेली गाडी नगरला थांबते ती चहापुरती. शिंगणापूरला जाणारे भाविक माळीवाड्याच्या एसटी स्टँडवर दुसरी गाडी पकडतात आणि पुढे जातात. बाह्यवळण रस्ता झाल्यापासून तर पुष्कळ गाड्या शहरात शिरतही नाहीत. ‘नगरमध्ये बघण्यासारखं काय आहे?’ असं कुणी विचारलंच, तर उत्तर ठरलेलं असतं : भुईकोट किल्ला, चांदबिबी महाल, रणगाड्यांचं संग्रहालय. तिन्ही ठिकाणं बघावीत अशीच आहेत, पण ती आहेत वेशीच्या बाहेर. वेशीच्या आत जे जुनं शहर आहे, ते पाहुण्यांना कुणी दाखवत नाही.

माझं म्हणणं असं की, नगर समजून घ्यायचं तर आधी हेच जुनं शहर पायी हिंडायला हवं. कलानगरी म्हणून या पेठांची कुणी जाहिरात केलेली नाही. मात्र चित्र, शिल्प, विणकाम, नाटक, कविता, पत्रकारिता यांतलं जे काही या शहराने गेल्या पाचशे वर्षांत केलं, त्याच्या खुणा आजही दीड-दोन कोसांच्या आत सापडतात. इथली कला कधी दालनात जाऊन बसली नाही. ती बाजारात, देवळात, इमामबाड्यात, शाळेत आणि तालमीच्या खोलीत राहिली, म्हणून ती शोधायलाही बाजारातूनच जावं लागतं.

मिरवणुकीचा रस्ता हाच नकाशा

मलिक अहमद निजामशहाने २८ मे १४९० रोजी बहमनी फौजेचा इथे पराभव केला आणि पुढे १४९४ च्या सुमारास सीना नदीच्या काठी शहर वसवलं. त्याच्या नावावरून ते अहमदनगर झालं. २०२४ मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या नावाने ते अहिल्यानगर झालं. याच जिल्ह्यातलं चौंडी हे त्यांचं जन्मगाव. बोलताना मात्र लोक पूर्वीही ‘नगर’ म्हणत आणि आजही ‘नगर’च म्हणतात.

एके काळी शहराला तट होता आणि त्याला वेशी होत्या. तट गेला. मंगल गेट, झेंडी गेट, सर्जेपुरा, तोफखाना ही नावं तेवढी वस्त्यांना चिकटून राहिली. दक्षिणेची माळीवाडा वेस आणि वायव्येचा दिल्ली दरवाजा मात्र अजून उभे आहेत. त्यांच्यामधलं शहर पाहायला सगळ्यात चांगला मार्ग कोणता, असं मला कुणी विचारलं, तर मी गणपती विसर्जन मिरवणुकीचा जुना मार्ग सांगतो. रामचंद्र खुंट, दाळमंडई, तेलीखुंट, कापड बाजार, भिंगारवाला चौक, नवी पेठ, नेता सुभाष चौक, चितळे रोड, चौपाटी कारंजा आणि दिल्ली दरवाजा. शहराने आपली मिरवणूक जिथून काढायची ठरवली, तो रस्ता शहराच्या काळजातूनच जाणार. रमतगमत चाललं तरी हा मार्ग एका सकाळीत होतो.

सुरुवात अर्थातच माळीवाड्याच्या विशाल गणपतीपासून करावी. हे नगरचं ग्रामदैवत. नावाप्रमाणेच मूर्ती भव्य आहे. विसर्जन मिरवणुकीत पहिला मान याच देवस्थानाच्या उत्सवमूर्तीचा असतो. इथे दर्शन घेतलं की पेठांकडे निघावं.

आखणी करणारा हात

पाहुण्याने नगरला शक्यतो उन्हाळ्याच्या शेवटी किंवा पावसाळ्याच्या सुरुवातीला यावं, असं मला वाटतं. त्याचं कारण गणेशमूर्तींचे कारखाने. दिल्ली दरवाजाबाहेर नालेगाव आणि पुढे कल्याण रस्ता या बाजूला मूर्तिकारांची घरं आणि शेड आहेत. नगरच्या मूर्ती गावोगावी जातात. बाहेरगावचे व्यापारी कित्येक महिने आधी येऊन बुकिंग करतात.

शेडमध्ये शिरलं की आधी नुसते पांढरे गणपती दिसतात, रांगेने मांडलेले. साच्यातून काढलेल्या मूर्तीचे सांधे कुणीतरी पॉलिश पेपरने घासत असतं. दुसरा स्प्रे गनने अंगाचा रंग देतो. पितांबराची किनार, सोंडेवरची नक्षी, मुकुटाची सोनेरी छटा हे ब्रशचं काम. घरातल्या बायका-मुली अलंकारांवर एकेक खडा चिकटवत असतात, त्याला सगळे ‘डायमंड वर्क’ म्हणतात. शेवटचं काम डोळ्यांच्या आखणीचं, आणि ते सहसा घरातल्या जाणत्या माणसाकडे असतं. तो मूर्ती आपल्या डोळ्यांच्या रेषेत आणतो. बारीक ब्रश काळ्या रंगात बुडवून त्याचं टोक बोटावर फिरवून घेतो आणि पापणीची वरची रेघ एका दमात ओढतो. मध्ये हात थांबला तर रेघ जाड होते. मग बुबुळ आणि त्यात पांढऱ्या रंगाचा एक ठिपका. तो ठिपका किंचित वर-खाली झाला, तरी गणपती रागावलेला किंवा झोपाळलेला दिसतो. दोन्ही डोळ्यांची नजर एका जागी जुळली की मूर्ती बाजूला ठेवली जाते आणि पुढची समोर येते. एका हंगामात असे किती डोळे या हाताखालून जात असतील!

यातल्या बऱ्याच जणांनी कलाशाळेचं तोंड पाहिलेलं नाही. बापाच्या शेजारी बसून ते शिकले. प्लास्टरच्या मूर्तींबद्दलचे नियम, शाडूची वाढती मागणी, वाढलेले रंगांचे भाव हे सगळं सांभाळत त्यांना हे काम करायचं असतं. शेडमध्ये जाताना परवानगी घ्या, फोटो काढण्याआधी विचारा आणि आखणी चालू असेल तेव्हा गप्प उभे राहा. इतकं केलं तरी पुरे.

बस्त्याची पेठ आणि मागाचा आवाज

कापड बाजार हे नगरच्या व्यापाराचं तोंड. आसपासच्या तालुक्यांतलं लग्न ठरलं की बस्ता बांधायला दोन्हीकडची मंडळी इथे येतात. पांढऱ्या गादीवर पाहुण्यांना बसवून समोर साड्यांचा ढीग उलगडणारा विक्रेता, नवरीच्या आईने पदर उजेडाकडे धरून पाहणं, मानपानाच्या साड्यांचा वेगळा गठ्ठा ही दृश्यं अजून टिकून आहेत. रंगांची आणि काठापदरांची जाण इथे विकणाऱ्याला असते आणि घेणारीलाही असते.

या बाजारामागे एक मोठी परंपरा उभी आहे. एकोणिसाव्या शतकात नगर हे हातमागाच्या साड्यांचं आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांचं केंद्र होतं. ब्रिटिशकालीन गॅझेटिअरमध्ये शहराचे मुख्य धंदे म्हणून याच दोन गोष्टी नोंदवल्या आहेत. तेलुगू मुलखातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी तोफखाना, सर्जेपुरा, गांधी मैदान या भागांत घरं केली. गांधी मैदानातलं मार्कंडेय मंदिर त्यांचंच. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन मिशनचे डी. सी. चर्चिल हे अभियंते याच शहरात हातमाग जलद चालावा म्हणून प्रयोग करत होते आणि त्यांनी सुधारलेला माग ‘चर्चिल माग’ म्हणून देशभर ओळखला गेला. पुढे गिरण्या आणि यंत्रमाग यांच्यापुढे हातमाग टिकला नाही. मागावरच्या घरांतल्या बायका विड्या वळू लागल्या. आज या गल्ल्यांत मागाची खटखट ऐकू येत नाही. तरी या वस्तीतून चालताना, इथल्या प्रत्येक घरात कधी ना कधी साडी विणली गेली असेल, हे मनात ठेवून चालावं.

शब्दांची पेठ

चितळे रोडवर फुलवाल्यांच्या आणि भाजीवाल्यांच्या गर्दीत अहमदनगर जिल्हा वाचनालय आहे. स्थापना १८३८ ची. महाराष्ट्रातल्या सगळ्यात जुन्या वाचनालयांत त्याची गणना होते. मराठी छापील पुस्तकं जेव्हा मोजकीच होती, तेव्हा या गावाला वाचनालयाची गरज वाटली, ही गोष्टच नगरबद्दल खूप काही सांगते.

चारच वर्षांनी, १८४२ मध्ये, याच शहरात ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झालं. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणं केलं होतं. मिशनच्या सिंथिया फरार बाई १८३९ पासून इथे मुलींना शिकवत होत्या. त्यांची शाळा पाहून जोतीराव फुल्यांना मुलींच्या शिक्षणाची प्रेरणा मिळाली. सावित्रीबाईंनी शिक्षिका होण्याचं प्रशिक्षण फरारबाईंकडेच घेतलं. पुण्याच्या भिडे वाड्यातल्या मुलींच्या शाळेची आठवण आपण सगळे काढतो, पण त्या कामाचा एक धागा नगरच्या गल्लीत आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. फरारबाई १८६२ मध्ये इथेच वारल्या.

रेव्हरंड नारायण वामन टिळकही इथलेच झाले. १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर ते नगरला आले, मिशनच्या शाळेत शिकवू लागले आणि कविता लिहीत राहिले. त्यांच्यामागे पत्नी लक्ष्मीबाई आल्या. ज्या बाईला आयुष्यात औपचारिक शाळा लाभली नाही, तिने पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहून मराठी आत्मचरित्राची उंची ठरवून दिली. त्या पुस्तकातली कितीतरी पानं नगरच्या घरात, नगरच्या प्लेगमध्ये, नगरच्या शेजाऱ्यांमध्ये घडतात. टिळकांच्या याच बिऱ्हाडी खानदेशातला एक कोवळा कवी, त्र्यंबक बापूजी ठोंबरे, राहून गेला. मराठीने त्याला बालकवी म्हणून ओळखलं. ख्रिस्त गल्ली आणि तिथल्या जुन्या चर्चच्या आवारातून जाताना हे सगळं आठवतं. एकही पाटी मात्र ते सांगत नाही.

तालमीची खोली

१९१८ च्या एप्रिल महिन्यात नगरमध्ये दोन मुलं जन्माला आली. १६ एप्रिलला छावणीतल्या एका ब्रिटिश लष्करी घरात स्पाइक मिलिगन, जो पुढे ब्रिटनचा गाजलेला विनोदवीर झाला. २५ एप्रिलला एका मराठी ख्रिस्ती घरात शाहू मोडक. पडद्यावर कृष्ण म्हटला की एका अख्ख्या पिढीच्या डोळ्यांपुढे शाहू मोडकांचाच चेहरा यायचा. ख्रिस्ती घरातला मुलगा घरोघरचा कृष्ण झाला, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

नाटकाचं वेड या शहराला जुनं आहे. मधुकर तोरडमल अहमदनगर महाविद्यालयात इंग्रजीचे प्राध्यापक होते. ‘तरुण तुर्क म्हातारे अर्क’ लिहिणाऱ्या माणसाने कॉलेजची पोरं किती जवळून पाहिली होती, हे नाटकातच दिसतं. सदाशिव अमरापूरकर १९५० मध्ये नगरला जन्मले. हौशी रंगभूमीवर घडले आणि १९८३ च्या ‘अर्धसत्य’मधल्या रामा शेट्टीने देशभर पोहोचले. मुंबईत नाव झाल्यावरही त्यांनी नगरशी नातं तोडलं नाही. त्यांच्यावर अंत्यसंस्कारही नगरलाच झाले. नागराज मंजुळे यांनी संज्ञापनाचं शिक्षण नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात घेतलं आणि ‘पिस्तुल्या’ हा लघुपट त्या शिक्षणाच्या काळातच केला.

आज ‘महाकरंडक’ एकांकिका स्पर्धेसाठी राज्यभरातले संघ नगरला येतात. राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत जुन्या शहरातल्या शाळांच्या वर्गात, कुणाच्या माडीवर, मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत रात्री उशिरापर्यंत तालमी चालतात. दिवसा दुकानात, बँकेत, शाळेत काम करणारी ही माणसं. त्यांच्या प्रयोगाचं तिकीट काढून नाटक पाहणं हा नगर पाहण्याचाच एक भाग समजावा.

कोठला

पेठांच्या पूर्वेला कोठला आहे. पहिल्या बुऱ्हाण निजामशहाने शाह ताहिर या विद्वानासाठी १५३७ च्या सुमारास बांधलेली ही वास्तू, शिक्षणाचं ठिकाण म्हणून. आज तिची ओळख बारा इमाम कोठला अशी आहे. मोहरममध्ये कोठल्याला आणि मंगल गेटला सवाऱ्या बसतात. कत्तलच्या रात्री निघणाऱ्या मिरवणुकीला जिल्ह्याबाहेरून लोक येतात. नवस बोलणाऱ्यांत आणि चादर चढवणाऱ्यांत हिंदू घरंही पिढ्यान्‌पिढ्या आहेत. भोसले घराण्याची कथाही याच शहराशी जोडलेली आहे. मालोजीराजांनी शाह शरीफ यांना नवस केला आणि मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं परंपरा सांगते. त्या पिराचा दर्गा नगरमध्येच आहे. हे शहर अनेक भाषांच्या आणि श्रद्धांच्या माणसांनी मिळून घडवलं. त्याची कलाही तशीच मिश्र आहे, आणि तिचं बळ त्यातच आहे.

दमडी मशीद आणि बाहेर गेलेलं वैभव

पेठा पाहून झाल्या की रिक्षा करून किल्ल्याच्या पूर्वेला जावं. कब्रस्तानाच्या आवारात दमडी मशीद आहे. १५६७ च्या सुमारास साहिरखानाने ती बांधली. किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी दमडी-दमडी जमवून तिला पैसा दिला, अशी लोकांची समजूत आहे आणि नाव त्यावरूनच पडलं.

इमारत आकाराने लहान आहे. दुरून पाहून परतलात तर काहीच पाहिलं नाही असं होईल. अगदी जवळ जा. दर्शनी तीन कमानी आहेत. कमानींवरच्या दगडात कमळांची गोल पदकं कोरलेली आहेत. वर अक्षरांच्या पट्ट्या आहेत : अरबी लिपीची वळणं पार्श्वभूमीपासून उठून आलेली, प्रत्येक अक्षराची कड अजून धारदार. हा आपल्या सह्याद्रीचा काळा दगड आहे. वालुकाश्मासारखा तो छिन्नीला वश होत नाही. एक घाव चुकीचा बसला की कपचा उडतो आणि पूर्ण शिळा वाया जाते. अशा दगडावर लेखणीने लिहावं तशी नाजूक अक्षरं काढणारे पाथरवट या शहरात होते. सकाळचं तिरपं ऊन दगडावर पडतं तेव्हा हे कोरीव काम सगळ्यात स्पष्ट दिसतं, म्हणून शक्य असेल तर सकाळी लवकर या.

याच काळात नगरच्या दरबारात चित्रकार होते. ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ या आफताबी नावाच्या कवीच्या फार्सी काव्याची सचित्र पोथी १५६५ ते १५६९ च्या दरम्यान इथे तयार झाली. दख्खनी चित्रकलेच्या सगळ्यात जुन्या नमुन्यांपैकी ही एक. हुसेन निजामशहा आणि त्याची राणी खुंजा हुमायून हे त्यातले नायक-नायिका. राणीला राजाच्या शेजारी, सिंहासनावर, मानाने चितारलं होतं. पुढे ती मुलाच्या, मूर्तझाच्या, वतीने राज्य चालवत असताना १५६९ मध्ये मुलानेच तिला कैद केलं आणि पोथीतल्या बऱ्याच चित्रांतून तिची आकृती पुसली गेली. एका चित्रात सुंदर स्त्रीच्या स्पर्शाने झाडाला बहर येतो, ही आपली प्राचीन कल्पना आहे. फार्सी काव्याच्या पोथीत ती सहज येऊन बसली आहे.

ही पोथी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. मूर्तझा निजामशहाचं गाजलेलं व्यक्तिचित्र पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. १५४९ मध्ये मुहंमद बिन हसन रूमी याने नगरला ओतलेली मलिक-ए-मैदान तोफ विजापूरच्या बुरुजावर आहे. तिच्या तोंडाशी जबडा वासलेला प्राणी आणि त्याच्या दाढेत हत्ती कोरलेला आहे. नगरने घडवलेलं नगरमध्ये उरलं ते दगडाचं, जे उचलून नेता आलं नाही.

आता करायचं काय?

नगरमध्ये वारसा फेऱ्या काढणारी, शाळेच्या मुलांना वेशी आणि वाडे दाखवणारी, जुन्या चिजा जमवणारी माणसं आहेत. शहरातल्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात नाणी, शस्त्रं, पोथ्या, मोडी कागद यांचा मोठा ठेवा आहे. तिथे तासभर द्यावाच. तरीही जुनं शहर दरवर्षी थोडं थोडं हरवत आहे. लाकडी खांबांचे वाडे पडतात आणि त्या जागी काचेची दुकानं येतात. स्मारकांच्या भिंतींवर लोक नावं कोरतात. वेशींना फलकांनी झाकून टाकलं जातं.

यावर उपाय फार खर्चाचे नाहीत. मिरवणुकीच्या मार्गावर प्रत्येक चौकात मराठीत एकेक पाटी लावली, तरी निम्मं काम होईल : इथे ‘ज्ञानोदय’ निघालं, इथे सावित्रीबाई शिकल्या, इथे टिळकांचं घर होतं, इथे माग चालायचे. वेशींवरचे फलक उतरवता येतील. तारीफ-इ-हुसेनशाहीच्या चित्रांच्या उत्तम प्रतिकृती नगरच्या संग्रहालयात लावता येतील, म्हणजे इथल्या मुलांना आपल्या शहराने काय चितारलं होतं ते पाहायला मिळेल. हे महापालिकेने करावं, महाविद्यालयांनी करावं, व्यापाऱ्यांनी आपापल्या दुकानासमोरची पाटी दत्तक घेऊन करावं.

आणि तुम्ही, पुढच्या वेळी शिर्डीला निघालात की नगरला अर्धा दिवस काढा. माळीवाड्याला उतरा, विशाल गणपतीचं दर्शन घ्या, कापड बाजारातून चितळे रोडने दिल्ली दरवाजापर्यंत चाला. वाचनालयाच्या दारात दोन मिनिटं थांबा, मूर्तिकाराच्या शेडमध्ये डोकवा, संध्याकाळी एखादा नाटकाचा प्रयोग असेल तर त्याचं तिकीट काढा. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, तिथे जाणार असाल तर ओळखपत्र जवळ ठेवा. पाहुण्यांची पावलं वळली की पेठांना आपली किंमत कळते, आणि ज्याची किंमत कळली ते जपलं जातं.